अभिप्रायासाठी नमुना द्या, पण अमानत म्हणून

ईद, दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की आपल्या कारागिरांकडे एक ठरलेली मागणी येऊ लागते. एखाद्या मासिकाची, दिवाळी अंकाची किंवा वृत्तपत्राच्या पुरवणीची मंडळी येतात, माल हातात घेऊन पाहतात आणि म्हणतात, "काम सुरेख आहे. एक नग द्या, आम्ही त्यावर लिहितो. तुमचं नाव होईल." अलीकडे मोबाईलवर चित्रफिती काढणारी तरुण मंडळीही हीच बोली लावतात. कारागीर भिडेखातर आणि थोड्या आशेने घडीतला चांगला नग काढून देतो. पुढे कधी चार ओळी छापून येतात, कधी येत नाहीत. नग मात्र परत येत नाही.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. एका साडीने किंवा एका जोड्याने कोण बुडणार, असे म्हणून आपण ती सोडून देतो. पण नागपूर, कामठी आणि भंडारा या पट्ट्यात हाताने काम करणाऱ्यांची मिळकत पाहिली तर ही किरकोळ गोष्ट नाही हे ध्यानात येईल. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अभिप्रायासाठी माल जरूर द्यावा, परंतु तो हदिया म्हणून देऊ नये, अमानत म्हणून द्यावा. पाहून झाले की नग परत यावा, आणि ही बोली माल हातातून सुटण्यापूर्वीच कागदावर व्हावी.

'साभार पोच'ची रीत

ही प्रथा आपल्याकडे आली ती पुस्तकांच्या व्यवहारातून. मराठी नियतकालिकांत 'साभार पोच' नावाचे सदर पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. लेखक किंवा प्रकाशक अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवतो, संपादक त्यांची पोच छापतो आणि जमले तर परीक्षणही छापतो. या रीतीत गैर काही नाही. प्रत फुकट आली आहे हे सदराच्या नावावरूनच वाचकाला कळते. पुस्तक चांगले नसेल तर परीक्षक तसे लिहितो, आणि प्रकाशकही ते गृहीत धरून असतो.

पण पुस्तकाचा हिशेब वेगळा आहे. प्रकाशक हजार प्रतींची आवृत्ती काढतो आणि त्यातल्या दोन पाठवतो, म्हणजे हजारात दोन. छापखान्यात हजारावी प्रत निघायला कागद-शाईपलीकडे फारसा खर्च येत नाही. हातमागावरच्या साडीचे तसे नाही. पहिल्या साडीला जितके दिवस लागतात तितकेच दहाव्या साडीलाही लागतात. मागावर महिन्याला चार साड्या उतरत असतील तर एक साडी फुकट देणे म्हणजे महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा देणे होय. पुस्तकाची रीत जशीच्या तशी हातकामाला लावली, इथेच खरा घोटाळा झाला.

हिशेब मांडून पाहा

समजा, एक साडी चार हजारांना विकली जाते. सूत, रंग, ताणा भरणाऱ्याची मजुरी आणि विणणाऱ्याची स्वतःची मजुरी धरून तिला ३,६०० रुपये लागतात. हाती उरतात ४०० रुपये. ही साडी कोणाला फुकट दिली तर ३,६०० रुपयांची खोट आली. ती भरून काढायला नऊ साड्या जास्तीच्या विकाव्या लागतील, आणि त्या विणायला चार साड्यांच्या हिशेबाने दोन महिन्यांहून अधिक काळ जाईल. इतके झाले म्हणजे केवळ मुद्दल निघाले. नफा त्यानंतरचा. छापून आलेल्या चार ओळींनी नऊ जास्तीची गिऱ्हाइके आणली का, हे आपल्यापैकी किती जण मोजतात?

हा हिशेब कोणाच्या घरचा आहे तेही पाहा. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार नोंदले गेले. त्यातील ६६.३ टक्के विणकर कुटुंबांची महिन्याची मिळकत ५,००० रुपयांच्या आत होती. ज्या घरात महिन्याला पाच हजारही येत नाहीत, त्या घरातून पुरवणीच्या एका पानासाठी चार हजारांची वस्तू फुकट जाणे याला जाहिरात म्हणता येत नाही. तो गरिबाने भरलेला कर झाला.

आणखी एक बाजू आहे. मोठी कंपनी शंभर नग सहज वाटू शकते. तिच्या लेखी तो जाहिरातीचा खर्च असतो आणि तो तिच्या मालाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. ज्याने नग दिला त्याच्यावरच लिहायचे अशी रीत पडली, तर पाने मोठ्यांनी भरतील आणि हाताने काम करणारा बाहेर राहील. वाटण्याच्या शर्यतीत आपण जिंकणार नाही. आपली ताकद मालाच्या कसात आहे, तेव्हा स्पर्धा कसावरच व्हायला हवी.

फुकटच्या स्तुतीची किंमत

नग घरी ठेवून घेणारा लेखक त्या नगाविषयी काय लिहील? पहिल्या धुण्यात काठाचा रंग उतरला तर तो लिहील का? बहुतेक लिहिणार नाही. तो वाईट माणूस आहे म्हणून नव्हे, तर खाल्ल्या मिठाला जागणे हा माणसाचा स्वभाव आहे म्हणून. वाचकालाही हे कळते. म्हणून अशा लेखांवर त्याचा विश्वास बसत नाही आणि कारागिराच्या खऱ्या गुणाची स्तुतीही त्या खोट्या स्तुतीत वाहून जाते. ज्याचा माल खरोखर चांगला आहे, त्याचेच यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांनी 'कन्झ्यूमर्स युनियन' नावाची संस्था काढली. तिचे मासिक आज 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या नावाने ओळखले जाते. तपासायची वस्तू ही संस्था बाजारातून, साध्या गिऱ्हाइकासारखी, पैसे मोजून विकत घेते आणि मासिकात जाहिराती घेत नाही. म्हणून तिच्या शब्दाला वजन आहे. आपल्याकडेही भारतीय वृत्तपत्र परिषदेने आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठी नियम घातले आहेत. भेटवस्तू, कर्ज, सहली, सवलती अशा ज्या गोष्टींनी लेखणी बांधली जाईल त्या स्वीकारू नयेत, आणि कंपनीच्या खर्चाने कोठे जाऊन लिहिले असेल तर ते लेखातच सांगावे, असे ते नियम म्हणतात. हातमागाच्या साडीवर लिहिणाऱ्याने यापेक्षा सैल का असावे?

आपल्या वाचकांना हा भेद नवा नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत इब्नुल लुत्बिय्या यांचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना जकात गोळा करण्याच्या कामावर पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले. हा भाग तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असे ते म्हणाले. त्यावर प्रेषितांनी जो प्रश्न केला त्याचा आशय असा की, हा माणूस आपल्या आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? अभिप्राय लिहिणाऱ्यालाही हीच कसोटी लावून पाहावी. त्याच्या हातात लेखणी नसती तर आपण त्याला ही साडी दिली असती का? उत्तर 'नाही' असेल तर ती वस्तू हदिया नव्हे.

नमुन्याबरोबर नक्षीही जाते

नमुना हातातून सुटला की वस्तूबरोबर तिची नक्षी, तिचे विणकाम आणि तिची रंगसंगतीही जाते. याची सर्वांत मोठी साक्ष इतिहासातच आहे. डिसेंबर १८६५ मध्ये रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना नागपुरात कला, उद्योग आणि पिकांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या काळात इंग्रज सरकारला हिंदुस्थानी मालाची बारीक माहिती हवी होती. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, लंडनमध्ये फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडांच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यांत खऱ्या कापडाचे ७०० तुकडे चिकटवलेले होते. अशा २० संचांपैकी बहुतेक संच विलायतेतील गावांना गेले. हिंदुस्थानी माणूस काय नेसतो हे पाहून तसे कापड तिकडच्या कारखानदारांना काढता यावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. आपल्या विणकरांना गिऱ्हाईक मिळवून देणे हा नव्हता.

आज विलायतेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. हातमागावरच्या काठाचे स्पष्ट छायाचित्र छापून आले की काही दिवसांत तसाच काठ यंत्रमागावर किंवा छपाईत उतरू शकतो. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीच झाला आहे, पण कायदा असूनही नक्कल होतेच. भंडाऱ्याकडच्या करवत काठी साडीचे पाहा. अंग टसरचे, काठ सुती आणि काठाच्या कडेला करवतीसारखे दाते. ते दाते विणायला तीन धोटे चालवावे लागतात. छायाचित्रात दाते दिसतात, तीन धोट्यांची मेहनत दिसत नाही. म्हणून लेखात ही साडी कोठली, कोणत्या रीतीने विणलेली आणि नक्कल कशी ओळखावी, हे आलेच पाहिजे. एवढे आले तर नमुना दाखवण्याचा उपयोग. नाहीतर आपल्याच हाताने नकलेला पाट बांधून दिल्यासारखे होते.

नाव छापून येणे किती महत्त्वाचे, ते कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात दिसले. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या कार्यक्रमात तशाच घाटाच्या चपला मांडल्या. जगभर छायाचित्रे गेली, पण त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी तिचा करार झाला. प्रसिद्धी आधी झाली होती. कारागिरांच्या पदरात काही पडण्याची वेळ आली ती नाव जोडले गेल्यावरच.

कायदा काय म्हणतो

फुकट नगाचा व्यवहार आता केवळ भिडेचा राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल माल बनवणाऱ्याला आणि मालाची शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसेच केल्यास तो ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिफारशीबाबत मार्गदर्शक नियम काढले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी आणखी स्पष्ट सूचना दिल्या. फुकट मिळालेली वस्तू हाही आर्थिक संबंध आहे आणि तो प्रेक्षकाला सांगितला पाहिजे, तोही ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे चित्रफीत मराठीत असेल तर 'ही वस्तू मला फुकट मिळाली' हेही मराठीत सांगावे लागेल.

करांच्या बाजूनेही पाहा. फुकट दिलेल्या नमुन्यासाठी घेतलेल्या कच्च्या मालावरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो भुर्दंड देणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात १९४-आर हे कलम आले. धंद्याच्या निमित्ताने एखाद्याला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा फायदा दिला तर त्यावर १० टक्के कर कापण्याची जबाबदारी त्या कलमाने देणाऱ्यावर टाकली. आदल्या वर्षी ज्यांची धंद्याची उलाढाल एक कोटीच्या आत होती अशा वैयक्तिक धंदेवाल्यांना त्यातून सूट होती, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना त्याची झळ बसली नाही. पण त्या वेळच्या सरकारी परिपत्रकातला एक खुलासा लक्षात ठेवण्याजोगा आहे. शिफारस करणाऱ्याने वस्तू वापरून परत केली तर तो फायदा नव्हे, ठेवून घेतली तर फायदा. अमानत आणि हदिया यांतला भेद सरकारी खात्यानेही असाच केला आहे.

मग कारागिराने काय करावे?

यावर कोणी म्हणेल की लहान कारागिराकडे जाहिरातीला पैसे नाहीत, आणि मासिकातला एक उल्लेखही त्याला नवी गिऱ्हाइके देऊ शकतो. हे खरे आहे. म्हणूनच माल दाखवू नका असे आम्ही म्हणत नाही. दुसरा कोणी म्हणेल की छोट्या नियतकालिकांना वस्तू विकत घेणे परवडत नाही. तेही खरे, आणि आपल्यासारखी साप्ताहिके त्यात आलीच. पण विकत घेणे परवडत नसेल तरी परत करणे प्रत्येकाला परवडते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, माल जांगडवर द्यावा. पसंतीसाठी माल नेण्याची ही रीत कापडाच्या आणि जवाहिराच्या व्यापारात जुनी आहे आणि तिच्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जांगड चिठ्ठीवर मालाचे वर्णन, किंमत, नेल्याची तारीख आणि परत करण्याची तारीख लिहून सही घ्यावी. पंधरा दिवस पुरे आहेत. मुदतीत माल आला नाही तर त्या किमतीचे बिल जाईल, असेही लिहावे. ओळखीच्या माणसाकडून सही मागायला संकोच वाटेल, पण उधारीच्या वहीवर सही घेताना आपण संकोच करत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक हातमागवाल्याने एक साडी केवळ दाखवण्यासाठी राखून ठेवावी. जो लिहिणार असेल त्याच्याकडे तीच जाईल आणि तीच परत येईल. धुऊन, घासून पाहायचे असेल तर त्याच मागावरचा वीतभर तुकडा किंवा रुमाल द्यावा. रंग उतरतो की नाही हे तुकड्यावरही कळते.

तिसरी गोष्ट, लिहिणाऱ्यासाठी खास नग बनवू नये. विक्रीच्या गठ्ठ्यातला कोणताही नग त्याला निवडू द्यावा. खास बनवलेला नग पाहून गिऱ्हाईक आले आणि त्याच्या हाती साधा माल पडला, तर नाव आपलेच जाते.

चौथी गोष्ट, लेखात कारागिराचे किंवा संस्थेचे नाव, गाव, किंमत आणि माल कोठे मिळतो हे छापले जाईल, याची बोली आधी करावी. स्तुतीची बोली मात्र करू नये. दोष दिसला तर तोही लिहू द्यावा आणि तो दुरुस्त करावा.

पाचवी गोष्ट, अत्तर, साबण, खाण्याचे पदार्थ अशा वस्तू वापरल्यावर परत येत नाहीत. तेथे लहान कुपी किंवा लहान पुडी द्यावी आणि ती फुकट दिली आहे असे छापायला सांगावे. वर्षाला अशा किती द्यायच्या हे आधीच ठरवून वहीत जाहिरातीच्या खात्यावर लिहावे.

सहावी गोष्ट, एकेकट्याने देण्यापेक्षा मिळून दाखवावे. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. विणकर सेवा केंद्रही येथे आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. मोमिनपुरा, पाचपावली आणि कामठी येथील संस्थांनी अशा वेळी मिळून लिहिणाऱ्यांना बोलवावे. माल तेथेच पाहू द्यावा, जमल्यास मागापर्यंत न्यावे. ज्याने तासभर धोटा चालताना पाहिला तो साडीविषयी अधिक खरे लिहील, आणि त्यासाठी एकही नग घराबाहेर जाणार नाही.

नियतकालिकांच्या चालकांनाही एक विनंती आहे. पुस्तकांसाठी जशी 'साभार पोच' आहे, तशी कारागिरांच्या मालासाठी 'पाहून साभार परत' अशी एक ओळ प्रत्येक अभिप्रायाखाली छापावी. तिला जागा फारशी लागणार नाही, आणि वरच्या मजकुराला किंमत येईल.

येत्या सणाला कोणी नग मागायला आले तर त्यांना चहा पाजा, माल उलगडून दाखवा, भाव खरा सांगा आणि मग जांगड चिठ्ठी पुढे करा. ज्याला लिहायचे आहे तो सही करील. ज्याला फक्त साडी हवी होती तो पुन्हा येणार नाही, आणि त्याच्या न येण्याने तुमचे काही अडणार नाही.